बेचाळीसचा शिक्का

अण्णांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला की तो घरातल्या सगळ्यांना ऐकावा लागे. कपाळावरचा चष्मा नाकावर उतरे, घसा साफ होई आणि कोर्टात निकाल वाचावा तसं वाचन सुरू होई. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून सगळी हयात गेलेली. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच, तळाशी पोखरलेली वजनं, एका टोकाला घासून आखूड केलेली मीटरची पट्टी, हे सगळं बघितलेला माणूस. नोकरी सुटली तरी संशय सुटला नव्हता.

"परतावा जमा," अण्णांनी वाचलं. मग थांबले. "शर्टाची किंमत इतकी कमी नव्हती. मधले पैसे कुठे गेले?"

आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "शिपिंगचे कापले असतील."

"म्हणजे?"

"म्हणजे नेण्या-आणण्याचं भाडं."

"शर्ट त्यांचा, गाडी त्यांची, माणूस त्यांचा आणि भाडं माझं? वा रे वा!" अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "आणि मुळात परत काय केलं आपण? शर्ट तर माझ्या अंगावर आहे."

दारात केस विंचरत उभ्या असलेल्या प्रोफेसरचा हात केसांतच अडकला.

अण्णांची ही लेक खरी प्रोफेसर नव्हती. शाळेत असताना तिने गुरुजींचं गणित फळ्यावर जाऊन दुरुस्त केलं होतं, तेव्हापासून घरात तिला हेच नाव पडलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. बाटल्या यायच्या, ती तपासायची, जे निघेल ते लिहायची. जे निघेल ते लिहायचं हे ती अण्णांकडूनच शिकली होती, आणि म्हणूनच हा शर्ट तिच्या मानगुटीवर बसला होता.

झालं होतं असं. अण्णा वाळत चालले होते. कुणी तसं म्हणत नव्हतं, पण पट्ट्याला आणखी एक भोक पडलं होतं, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायला लागलं होतं. प्रोफेसर डॉक्टरचं नाव काढायची आणि अण्णा झुरळ झटकावं तसं ते झटकून टाकायचे. पट्टा? चामडं ताणतंच. जुने शर्ट? धुऊन धुऊन कुठलाही कपडा पोतं होतो. थोरल्या काकांचं नाव कुणी घेत नव्हतं. काकासुद्धा आधी असेच कॉलरच्या आत आकसत गेले होते, आणि तपासणी होईतो फार उशीर झाला होता.

शेवटी प्रोफेसरनेच तोडगा काढला. "आपण नवा शर्ट मागवू. नेहमीचा बेचाळीस. न धुतलेला, न ताणलेला. तो सैल झाला तर तुम्ही डॉक्टरकडे यायचं."

"आणि बसला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"मान्य," अण्णा म्हणाले. प्रमाणित वजनाशी पडताळणी! अशा गोष्टीला ते नाही म्हणूच शकत नव्हते.

तिने दोन शर्ट मागवले, एकाच रंगाचे, एक बेचाळीस आणि एक अडतीस. मनात तेव्हा काही काळंबेरं नव्हतं. जो बसेल तो ठेवू, दुसरा परत करू, शिपिंग कापलं तर कापलं. पार्सल आलं तेव्हा अण्णा फिरायला गेले होते आणि आई शेजारी. प्रोफेसरने बेचाळीसचा शर्ट उलगडून धरला आणि तिला दिसलं की ही चाचणी करायची गरजच नाही. त्यात अण्णा दीड वेळा मावले असते.

आदल्या दिवशी तिने त्यांना आरशासमोर पाहिलं होतं. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटून ते छाती फुगवून उभे होते, श्वास कोंडून, बाजूने वळून बघत. मग श्वास सुटला आणि ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

ते आठवलं आणि तिने पार्सल उघडायची लहान कात्री बाजूला ठेवून ब्लेड आणलं. दोन्ही शर्टांच्या कॉलरमागच्या मापाच्या चिठ्ठ्या उसवल्या. चिमट्याने धागे वेचून काढले. मग बेचाळीसची चिठ्ठी अडतीसच्या शर्टाला आणि अडतीसची बेचाळीसच्या शर्टाला, सुई जुन्याच भोकांतून घालत, त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवली. काम चांगलं जमलं याचा थोडा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाज तिला नंतर सगळ्यात जास्त वाटली.

एवढा महिना जाऊ दे, तिने स्वतःला सांगितलं. मग बघू. रोग मोजल्यामुळे होत नाही आणि न मोजल्यामुळे जात नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी तिने चाचणी खोटी केली. निकालाची भीती अण्णांपेक्षा तिलाच जास्त होती.

शर्ट चपखल बसला. अण्णांनी चिठ्ठी वाचून घेतली, आईला वाचून दाखवली, फिरायला येणाऱ्या मित्रांनाही सांगितलं. "बेचाळीस! कॉलेजात होतो तेव्हापासून बेचाळीस!" त्या दिवसापासून डॉक्टर हा शब्द घरात बंद झाला. दुसरा शर्ट परत गेला. आणि आता मेसेज आला होता.

"मी दोन मागवले होते," प्रोफेसर म्हणाली. "एक परत केला."

"का?"

"जरा मोठा होता."

"माप काय होतं?"

अडतीस म्हणावं तर अडतीस कुणासाठी मागवला, हे आलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "तोही बेचाळीसच."

झालं! अण्णांच्या पाठीचा कणा ताठ झाला. "दोन्ही बेचाळीस आणि एक मोठा? मग दोन्ही बेचाळीस नव्हेतच! एकाच शिक्क्याची दोन वजनं आणि भार वेगळा, याला काय म्हणतात माहितीये?"

"अहो, शर्ट आहे तो," आई म्हणाली. "धान्याचं दुकान नाही."

"तेच ते. कंपनीचा नियम काढ बघू."

प्रोफेसरने मोबाइलवर नियम काढला. ग्राहकाला माप बसलं नाही म्हणून माल परत आला, तर शिपिंग कापणार. कंपनीकडून चुकीच्या मापाचा माल गेला असेल, तर पूर्ण रक्कम परत.

"बघ. म्हणजे प्रश्न एवढाच की चूक कुणाची," अण्णा म्हणाले. "आपल्याकडे एक नमुना शिल्लक आहे." त्यांनी शर्टाची बटणं काढायला घेतली. "टेप आण. आणि माझी स्टीलची पट्टी."

"अण्णा, राहू दे ना. केवढेसे पैसे ते."

"केवढेसे? हे असंच म्हणतात सगळे. त्यावरच तर हे आपली पोळी भाजून घेतात."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या गालांवर रंग आला होता. बनियनमध्ये उभे होते, खांद्यांची हाडं वर आलेली, आणि डोळे असे चमकत होते की जणू बाजारात छापा घालायला निघालेत. प्रोफेसरला त्यांच्या हाडांकडे बघवेना आणि डोळ्यांकडे तर त्याहून नाही.

कापडी टेप आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिली गेली. "कापडी टेपवर कधी विश्वास ठेवू नये. ताणते आणि मग खोटं बोलते." मग शर्ट टेबलावर पसरला, सुरकुत्या हाताने काढल्या, काखेपासून काखेपर्यंत टेप लावली. एकदा. पुन्हा एकदा. आकडा दुप्पट करून कंपनीच्या तक्त्याशी ताडला.

"हात्तिच्या!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "सापडला! हा बेचाळीस नाहीच. चांगला चार इंचांनी कमी. हा अडतीस आहे, अडतीस! वर शिक्का बेचाळीसचा. उघडउघड खोटा शिक्का!"

"अहो," आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "मग तुम्हाला बसला कसा?"

बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला.

"कापड... ताणलं असेल," अण्णा म्हणाले.

"नव्याकोऱ्या शर्टाचं?"

अण्णा टेप बोटाभोवती गुंडाळायला लागले, आणि गुंडाळून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा सोडली. मग आवाज चढवून म्हणाले, "ते नंतर. आधी तक्रार. प्रोफेसर, लिही. आपल्या कंपनीतील कर्मचाऱ्याने जाणूनबुजून खोट्या मापाची चिठ्ठी लावून ग्राहकाची फसवणूक केली आहे. सदर कर्मचाऱ्यावर कारवाई करावी. लिहिलंस?"

तिने 'कर्मचाऱ्याने' इथपर्यंत लिहिलं. चिठ्ठ्या शिवणारं कुणीतरी असेलच. दिवसभर मान खाली घालून मशीनवर बसत असेल. त्याला हाक मारून हा कागद दाखवतील. समोर अण्णा उभे होते, खोट्या मापामागे लागलेले, आणि त्यांच्या अंगावरून जे दिसत होतं ते मोजण्याची वेळ पुन्हा पुढे ढकलत होते. ती ढकलायला त्यांच्या हातात निमित्त तिनेच दिलं होतं.

"जाणूनबुजून," अण्णांनी पुन्हा सांगितलं. "हा शब्द महत्त्वाचा."

"अण्णा, ते कंपनीने नाही केलं."

"मग कुणी केलं?"

"मी. चिठ्ठ्या मी बदलल्या. तुम्हाला बेचाळीस सैल झाला असता."

आईने तोंडावर हात ठेवला. प्रोफेसर वाट बघत होती की आता पारा चढेल, आता टेप भिरकावतील. तसं झालं तर बरं, असंही तिला वाटत होतं. अण्णांनी खिडकीत ठेवलेलं भिंग घेतलं, शर्टाची कॉलर उलटी केली आणि चिठ्ठीवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"उसवलीस कशाने?"

"ब्लेडने."

"टाके जुन्याच भोकांतून घातलेस."

"हो."

"चांगलं काम आहे," अण्णा म्हणाले. "नोकरीत असतो तरी मला सापडलं नसतं."

त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली असती तर तिला इतकं लागलं नसतं.

"अण्णा, मला वाटलं—"

"दुसऱ्या शर्टावर काय आहे?"

"अडतीस."

"म्हणजे अंग बेचाळीसचं, शिक्का अडतीसचा. आणि तो आपण बाजारात सोडलाय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "उद्या कुणीतरी अडतीस म्हणून घेईल तो. बारीक माणूस. घालून बघेल, सैल होईल. काय वाटेल त्याला? आपल्याला काहीतरी झालंय, असंच वाटेल ना?"

त्या माणसाचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

"ते वरचं खोड. नव्याने लिही. परत आलेल्या शर्टाचं माप आमच्याकडून बदललं गेलं आहे. विकण्यापूर्वी चिठ्ठी दुरुस्त करावी. शिपिंग कापलं ते योग्य आहे." ते जरा थांबले. "त्या शर्टाचे जमा झालेले पैसे कंपनीने परत मागितले तर तेही देऊ, असंही लिही."

तिने लिहिलं आणि पाठवलं. मोबाइल खाली ठेवेपर्यंत अण्णा खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले होते, हात दोन्ही बाजूंना किंचित उचलून, शिंप्यापुढे उभे राहावं तसे.

"घे माप."

तिने टेप त्यांच्या पाठीमागून घेतली. बनियनखालच्या बरगड्या टेपखाली लागत होत्या. त्यांची छाती फुगलेली होती, आरशासमोर होती तशीच, आणि मानेची शीर ताठ झाली होती. ती थांबली. अण्णांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी छताकडे बघितलं आणि श्वास हळूहळू सोडून दिला. टेप तिच्या बोटांत सैल झाली. तिला ती आवळून घ्यावी लागली.

"वाच. मोठ्याने."

तिने वाचलं.

"पुन्हा लाव. एका मापावर कधी लिहायचं नसतं."

तिने पुन्हा लावली, पुन्हा वाचलं. आकडा तोच होता. तो अडतीससुद्धा नव्हता.

"हं," अण्णा म्हणाले. मग आईकडे वळले. "अगं, त्या डॉक्टरचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव. आज भेटत असेल तर आजच."

आई उठली. तिच्या मांडीवरच्या घड्या जमिनीवर घसरल्या, त्या तशाच टाकून ती आतल्या खोलीत गेली. तिचा आवाज ऐकू येत होता, नाव सांगताना दोनदा चुकलेला.

अण्णा खुर्चीत बसले. टेबलावरचा शर्ट त्यांनी प्रोफेसरकडे सरकवला.

"आधी ते बेचाळीस काढ. खोटा शिक्का अंगावर घेऊन मी कुठे जाणार नाही."

तिने ब्लेड आणलं. त्या दिवशी एका दमात उसवलेली शिवण आज जमेना. पहिला टाका सापडेना, डोळ्यांसमोर धूसर होत होतं, ब्लेड कापडाला लागेल म्हणून हात सारखा मागे येत होता. अण्णा बनियनवर बसून होते. खिडकीतून वारा आला तेव्हा त्यांनी हात छातीशी आवळून घेतले.

"गार वाटतंय का, अण्णा? दुसरा शर्ट देऊ?"

"नको. तू कर," ते म्हणाले. "घाई करू नकोस, कापडाला भोक पडेल. मी बसलोय."