खुडूक कोंबडीखाली

केराबाईनं डाव्या हातानं पोरीच्या हातातलं लाल अंडं हिसकावलं आणि उजव्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला.

“आये, भूक लागली की!”

“आज गिळलंस तर उद्या काय खाशील, माझं डोस्कं?”

वच्छला मिशनच्या कॉलेजच्या फाटकातच फतकल मारून भोकाड पसरून बसली. केराबाई तिच्याकडं न बघता गवतातली रंगीत अंडी ओच्यात घेत राहिली.

ईस्टरचा सण म्हणून पादरीसायबाच्या मडमेनं सकाळी आवारात अंडी लपवली होती. कुणीही या, बायकापोरांसकट या, सगळं फुकट. ज्याला सापडेल त्याचं. प्राध्यापकांची पोरं आली, तशी आवार झाडणाऱ्या केराबाईची वच्छलाही आली. आईबरोबर रोज येणारी पोर ती. तिला झाडाची ढोली न् ढोली पाठ. बघता बघता तिनं परकराचा ओचा भरला.

तेवढ्यात प्रोफेसर कमलाकरपंत हसत पुढं झाले. शिवायला नको म्हणून त्यांनी छडीनंच जमीन दाखवली.

“ओत इथं. सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, बाळ.”

वच्छलाकडं एक अंडं राहिलं. बाकीची सभ्य घरांतल्या पोरांना गेली. आणि फाटकाशी त्याच पोरांच्या आया ओरडल्या, “शी! फेक आधी ते. घरात आणायचं नाही!” पोरांनी भिरकावली. याला म्हणे सारखं वाटणं! खाणाऱ्याच्या तोंडातलं काढायचं आणि न खाणाऱ्याच्या हातून गटारात घालायचं.

चिरा गेलेली अंडी कुत्र्यांनी पळवली. धड होती तेवढी केराबाईनं उचलली. इतकी आपटून एकसुद्धा सांडलं कसं नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. राग डोळ्यांपर्यंत चढला होता.

शेजारच्या रंभाबाईची कोंबडी पाटीत खुडूक बसली होती. तिच्याखाली अंडी घातली. निम्मी पिल्लं रंभाबाईची, निम्मी केराबाईची. आपल्या दारात चार कोंबड्या झाल्या की झाडू त्या कमलाकरपंताच्या पायाशी टाकायचा, एवढं केराबाईनं ठरवून टाकलं होतं.

“आये, पिल्लं लाल निघत्याल?”

“कशी का निघंनात. आपली निघत्याल.”

वच्छला रोज पाटीपाशी बसून कोंबडीशी बोलायची. पिल्लांची वेळ आली आणि गेली.

“केरे, माजी कोंबडी वाळून काटकी झाली,” रंभाबाई करवादली. “कसली अंडी आणलीस गं?”

दुसऱ्या दिवशी केराबाईनं मडमेच्या स्वयंपाक्याला मागच्या दारी गाठलं.

“शिवशरण, ती सणाची अंडी जुनी व्हती काय रं?”

“जुनी कशानं? ताजी आणून मीच उकडली की.”

“उकडली?”

“मग? पोरांनी खायाचीच व्हती ती. का, उबवाय घातलीस का काय?” शिवशरण खो खो हसला. मग तिचं तोंड बघून थांबला.

“कुणी सांगितलं न्हाय ते?”

“सांगितलं की पादरीसायबानं. इंग्रजीत. मराठीत कमलाकरपंत सांगणार व्हते.” त्यानं मान खाजवली. “त्येंचं ऱ्हायलं वाटतं.”

केराबाईनं झाडू तिथंच टाकला. ज्याच्या पायाशी टाकायचा तो तिथं नव्हता.

घरी वच्छला पाटीपाशीच होती. “आये, गप. झोपल्यात,” ती कुजबुजली.

केराबाई खाली बसली. अंडी काढायला तिनं कोंबडीखाली डावा हात घातला. कोंबडीनं पिसं फुलवली, आणि ती चोच मारत सुटली.

“अगं, हात काढ की! रगात आलं!” रंभाबाई ओरडली.

केराबाईनं हात काढला नाही.

“टोचू दे,” ती म्हणाली. “पोरीच्या तोंडातलं काढणारा ह्योच हात व्हता.”