अंगणातलं ऊन

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाचा भाव चढला, आणि वलगावच्या खुशालरावांच्या अंगणातलं ऊन गेलं. त्यांनी अंगणभर मांडव घालून त्याखाली कापसाची गंजी रचली. आज विकावा तर उद्या भाव आणखी चढायचा, म्हणून गंजी हलेना. कधी एक उचललीच, तर तिच्या जागी दुसरी तयार. माणूस तसा शहाणा होता, फक्त त्या तीन-चार वर्षांत नव्हता.

मांडवामागे गोठा. पूर्वी सकाळचं ऊन थेट गव्हाणीपर्यंत यायचं, आणि अंगणात पसरलेलं शेण बघता बघता खडखडीत वाळायचं. आता शेण गोठ्याच्या दारातच साचू लागलं. गोवऱ्याही सावलीतच पडून राहत. त्याच वर्षांत मोरी गाईची लागोपाठच्या दोन वेतांची वासरं हगवणीनं गेली.

मोरी खुशालरावांच्या बायकोची, मैनाबाईची, माहेरून आलेली गाय. दुसरं वासरू मैनाबाईच्या मांडीवरच गेलं. तेव्हापासून तिला मोरीच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

सासू गोदाबाईंच्या मते ही सगळी नजर. घरात पैसा येतो आहे, गाव जळतं आहे, आणि भोगतं आहे बिचारं मुकं जनावर. म्हणून त्यांनी दुसऱ्या वासराला गोठ्याच्या अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात बांधलं, दाराला तरट लावलं, आणि जागा पवित्र राहावी म्हणून रोज दारातलंच ओलं शेण घेऊन कोपरा सारवला. वासरू गेलं, तेव्हा ते जिथं गेलं ती जागाही त्याच शेणानं सारवली. इतकी माया करूनही वासरू जगलं नाही, याचं म्हातारीला खरंच नवल वाटत होतं.

मोरी पुन्हा गाभण राहिली, दिवस भरत आले. एका सकाळी मैनाबाईनं चुलीत घालायला गोवरी मोडली. वरून वाळलेली, आत हिरवी, ओली, किड्यांनी वळवळणारी. वासानं तिचं डोकं उठलं. हाच वास त्या कोपऱ्याला यायचा.

ती गोवरी हातात धरून बसून राहिली. गल्लीपलीकडे जयवंता नावाची एकटी विधवा राहायची. तिला ना कापूस, ना गोठा. काट्यांच्या कुंपणात गाय बांधलेली, शेण उन्हात पांगलेलं, आणि त्यावर तिचं वासरू उड्या मारत असायचं. मैनाबाईनं हे सासूला बोलून दाखवलं.

"तिच्या वासराले कोन नजर लावते?" गोदाबाई म्हणाल्या. "तिच्याकडं पाहतेच कोन?"

मैनाबाईला हसू आलं आणि लगेच विरलं. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण त्या वासराकडे बघतच तर जायचा.

तिनं नवऱ्याला अंगणाचा एक कोपरा मोकळा करायला सांगितलं. होळीनंतर बघू, तोवर भाव चढेल, असं ते म्हणाले.

"गाय भावासाठी थांबून राहील काय?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मैनाबाईनं दावं सोडलं आणि दिवस भरलेली गाय, भरदिवसा, गावाच्या डोळ्यांदेखत जयवंताच्या कुंपणात नेऊन बांधली. घरची अब्रू वेशीवर टांगली, म्हणून गोदाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मोरी तिथंच व्याली. कालवड झाली. जयवंता रोज शेण उन्हात पातळ पसरायची आणि खुंटा कोरड्या जागी हलवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिची आई तसं करायची, एवढंच. मैनाबाई सकाळ-संध्याकाळ यायची आणि तोंड कुरवाळण्याआधी कालवडीची शेपटी उचलून बघायची. आधीची दोन्ही ज्या वयात आडवी झाली, ते वय आलं. शेपटी कोरडीच राहिली.

मग एका दुपारी खुशालराव दावं घेऊन गाय-वासरू घरी न्यायला आले. मागून गोदाबाई आल्या, काजळाची डबी घेऊन. कालवड कुंपणभर उधळत होती. म्हातारीनं तिला कशीबशी धरली, कपाळाला काजळ लावलं आणि तिची उन्हानं तापलेली पाठ बराच वेळ चाचपली. मग तिनं वळून गल्लीपलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं. मांडवाखाली कापूस छताला टेकला होता, आणि त्यामागे गोठ्याचं दार काळंभोर दिसत होतं. तिचे डोळे भरून आले.

खुशालरावांच्या हातातलं दावं तिनं काढून घेतलं.

"तिले घरी नको नेऊ, बापू," ती म्हणाली. "आपल्या घरी ऊन नाही."