लंबूचा सूट

"आत जाडजूड फोम आहे. त्याला काही होत नाही. बिनधास्त हाणा," फाइट मास्तर भोंग्यातून ओरडला आणि चौकात जमवलेल्या जमावाने मोठ्याने हो म्हटलं.

कपडेपटाच्या तंबूत टेलरबाईंच्या हातातली सुई थांबली. फोम आत नव्हता. तो त्यांच्या पायाशी ढीग होऊन पडला होता. सकाळी त्यांनीच तो उसवून काढला होता. आणि त्या सूटमध्ये आज त्यांचा धाकटा दीर होता, उंचीमुळे सगळे ज्याला लंबू म्हणत तो.

ज्या कादंबरीवर हा सिनेमा चालला होता ती शाळेत सगळ्यांनाच होती. दुसऱ्या ताऱ्यावरून एक जीव गावात येऊन पडतो. मारणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं, म्हणून तो हात उचलत नाही, आणि गाव त्याला चौकात ठेचून मारतं. एवढीच गोष्ट. पण ती पडद्यावर आणताना तिचे जे हाल चालले होते ते बघवत नव्हते. पहिल्या दिग्दर्शकाला तो जीव यंत्रासारखा हवा होता. दुसऱ्याने त्याला नाचवायला घेतलं. निर्मात्याने दोघांनाही हाकललं, आणि तिसरा आला तो पुस्तक काखेत मारूनच.

"पुस्तकात हा उपाशी आहे," तो सकाळी बाईंना म्हणाला. "तुम्ही तर पैलवान करून ठेवलाय. फोम काढा सगळा."

"आणि मारामारीचं काय?"

"मास्तरांना कळवतो ना. माझा असिस्टंट सांगेल."

तो असिस्टंट दुसऱ्या दिग्दर्शकाच्या काळातला निघाला. दुपार व्हायच्या आत त्याला घरी पाठवलं गेलं, आणि निरोपही त्याच्याबरोबरच गेला.

लंबू मात्र खूश होता. "वहिनी, आज पहिल्यांदा नीट श्वास घेता येतोय," सूट चढवताना तो म्हणाला. "बारीक दिसतोय ना? आता मुलगी बघायला जायला हरकत नाही."

"असेच जा, भाऊजी. मूळ चेहऱ्यापेक्षा हा बरा आहे," म्हणत बाईंनी त्याच्या डोक्यावर रबरी मुंडकं बसवलं आणि मानेशी टाके घातले. टाके पडले की त्याला बाहेरचं काही ऐकू येत नसे.

बाई तंबूतून धावत सुटल्या. दोरीपाशी प्रॉडक्शन मॅनेजर आडवा आला.

"बाई, टेक चालू आहे. कुठे निघालात?"

"फोम काढलाय. थांबवा ते."

"मला विचारून काढला का? आता शॉट संपल्यावर बोला."

त्याने दंड धरला. बाईंनी त्याच्या पोटात कोपर हाणलं आणि दोरीखालून आत घुसल्या.

त्या जमावाला सकाळपासून उन्हात बसवलं होतं. पाणी संपलं होतं, तेच तेच ओरडून घसे फाटले होते, आणि राग कुणावर काढायचा हे आता भोंग्यानेच सांगितलं होतं. हातातल्या काठ्या रबराच्या होत्या, पण पायातले बूट ज्याचे त्याचे होते. लंबू आधीच खाली पडला होता. चार-पाच जण त्याच्या पोटात लाथा घालत होते. एक दाढीवाला त्याच्या छातीवर उभा राहून उड्या मारत होता आणि कॅमेरा आपल्याकडे आहे ना हे वळून बघत होता.

"माणूस आहे आत," बाई ओरडल्या. तिथे प्रत्येक जण काही ना काही ओरडतच होता. कुणीतरी त्यांना केसाला धरून मागे ओढलं. त्यांनी त्याचा हात रक्त येईपर्यंत चावला. लंबूपर्यंत पोचून त्या त्याच्यावर पालथ्या पडल्या, तेव्हा लाथा त्यांच्या पाठीत बसू लागल्या. उजवा हात कुणाच्या तरी बुटाखाली आला आणि दोन बोटं मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

त्यांनी डाव्या हाताने गळ्यातली कात्री काढली.

"सूट कापू नका," मागून मॅनेजर किंचाळला. "एकच सूट आहे."

बाईंनी मानेपासून कानापर्यंत रबर फाडलं. आतून लंबूचं तोंड बाहेर आलं. नाकातून रक्त येत होतं, ओठ निळे पडले होते आणि डोळे उघडे होते.

तेव्हा कुठे लाथा थांबल्या. दाढीवाला खाली वाकला. "अरे, हा तर लंबू," तो म्हणाला. सकाळी दोघांनी एकाच कपातून चहा प्यायला होता. तो तिथेच मटकन बसला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला.

दिग्दर्शक धावत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, काय केलंत तुम्ही. हे तर पुस्तकातही नाही," तो म्हणाला. "लंबूला उचलायच्या आधी एकदा कॅमेरा जवळ आणून घेऊया?"

बाईंनी कात्री उगारली. ती त्याच्या गालावरून फिरली आणि मग लोकांनी त्यांना धरलं.

लंबू तिसऱ्या दिवशी गेला. बरगडी फुप्फुसात घुसली होती.

सासूबाईंनी एकदाच विचारलं, "तो फोम तू काढला होतास?"

"हो."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यांचे दोन्ही मुलगे आता गेले होते, आणि घरात उरली होती ती सूनच. फाटलेला सूट दुसऱ्या कुणाला सांधता येईना, म्हणून काही आठवड्यांनी सिनेमावाल्यांचं बोलावणं आलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "जा तू. दुसरी कुणी शिवायला बसली तर आत कोण आहे हे बघायची नाही."

गालावर टाके पडलेला तिसरा दिग्दर्शक निघून गेला होता. चौथ्याला तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा होता, आणि सूटमध्ये एक नवा, बुटका, हसरा माणूस होता. बाईंनी सूट आखूड केला, फाटलेलं रबर सांधलं आणि आत दुप्पट फोम भरला. कुणाला विचारलं नाही.

मुंडकं चढवायच्या आधी त्यांनी त्याला तंबूत समोर उभं केलं आणि न सांगता त्याच्या पोटात बुक्की मारली.

"लागलं?"

"नाही," तो हसत म्हणाला.

बाईंनी छातीवर मारलं, मग बरगड्यांवर. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नव्हती, म्हणून मूठ अर्धीच होत होती. "लागलं?"

"नाही हो, बाई."

त्या मारतच राहिल्या. त्यांना रडू फुटलं, नाक वाहू लागलं, तरी हात थांबेना. माणसाचं हसू केव्हाच गेलं होतं. "खरंच लागत नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "तुमच्याच हाताला लागतंय."

तंबूच्या दाराशी फाइट मास्तर येऊन उभा होता. त्याच्या हातात भोंगा होता, पण तो खाली लोंबत होता.

"बाई, चौकात सगळे थांबलेत," तो म्हणाला.

"थांबू देत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा हात उगारला.