एकाच नंबरावरची दोन उत्तरं

महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्याला तो गरोदर असल्याचा रिपोर्ट मोबाईलवर गेला, आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात सगळे पोट धरून हसले. दीक्षाही हसली. पण रिपोर्ट धाडणारा प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला, त्यामुळं चूक शोधायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

काम तसं साधं होतं. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून तपासणीची विनंती लॅबकडं जायची. लॅब काही लगेच उत्तर देत नाही. कुणाचं संध्याकाळी येतं, कुणाचं आठवड्यानं, आणि कधी मागून गेलेल्याचं आधी येतं. म्हणून प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक द्यायचा, लॅबनं उत्तरासोबत तोच परत धाडायचा, म्हणजे कुणाचं उत्तर कुणाला हे पक्कं. दीक्षाला हे काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण लोक चिठ्ठ्या हरवतात, मोबाईल नंबर मात्र तोंडपाठ असतो, म्हणून या शहाणीनं नंबरावरूनच जोड्या लावल्या. एका नंबरावर दोन विनंत्या असल्या तर आधी आलेलं उत्तर पहिलीला. अगं बाई, तू पलूसची ना? आपल्याकडं अख्ख्या घरात एक नंबर चालतो, कधी शेजारच्याचाही चालतो, हे तुला सांगायला पुण्याहून माणूस यायला हवा होता?

एकाच वेळी दोन विनंत्या अडकलेले नंबर तिनं स्क्रीनवर काढले. त्यात तिचा स्वतःचा नंबर होता.

पलूसच्या तोंड तपासणी शिबिरात तिच्या वडिलांनी, आण्णांनी, तिचा नंबर दिला होता. तंबाखूनं गालात चट्टा उठलेला, त्याचा तुकडा काढून लॅबला पाठवलेला. रांगेत त्यांच्या मागंच लालासाहेब होते, शेजारचे ऊसवाले, आण्णांचे शाळेपासूनचे जोडीदार. चट्टा त्यांनाही होता. पोरगा फौजेत, त्याचा फोन कधी लागत नाही, म्हणून "दीक्षाचाच घाला, ती कॉम्प्युटरातली हाय," असं त्यांनी सांगितलं. आण्णांचा रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा दीक्षानं ऑफिसात पेढे वाटले होते. लालासाहेबांना कॅन्सर निघाला होता, आणि आज सांगलीतच त्यांचं ऑपरेशन होतं.

तिनं लॅबकडून आलेली मूळ उत्तरं उघडली. त्यांत पेशंटचं नाव होतं, तिच्या प्रोग्रॅमनं ते कधी बघितलंच नव्हतं. तिनं वाचलं, परत वाचलं. कॅन्सर आण्णांना होता.

खोटं कशाला बोला, हे सगळं मिटून टाकावं, आपण काही पाहिलंच नाही, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. पण तिकडं एका धडधाकट माणसाचा गाल कापणार होते. तिनं फोन लावला.

"आण्णा, कुठं हाय तुमी?"

"दवाखान्यात. लालाला आत न्ह्यायला आल्यात. गडी माझा हात सोडंना झालाय."

"त्यास्नी थांबवा. लालाकाकांना काय बी झालेलं न्हाई, रिपोर्ट चुकलाय. डॉक्टरांकडं फोन द्या."

डॉक्टरांनी तिचं ऐकलं, लॅबला विचारून खात्री केली आणि ऑपरेशन थांबवलं. मग आण्णांचाच फोन आला. मागं लालासाहेबांचं रडणं ऐकू येत होतं.

"लय मोठं काम केलंस, पोरी," आण्णा म्हणाले. "लाला लहान पोरावानी रडाय लागलाय. आमी आता च्या प्यायला चाललोय."

दीक्षाच्या स्क्रीनवर लॅबचं मूळ उत्तर अजून उघडंच होतं.

"आन मग ह्यो रिपोर्ट हाय कुनाचा गं? त्या घरात कुनीतरी नीट सांगाय पायजे, माणूस हबकून जातंय. लालाला बी मीच सांगिटलं व्हतं. मी जातो की त्यांच्याकडं."

दीक्षानं स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं.

"आगं, नाव तर सांग," आण्णा म्हणाले.