बसच्या पुढे कोण होतं

सिनेमात ड्रायव्हर ऐंशीच्या वेगानं पेटत्या जंगलातून बस काढतो आणि एकतीस मुलं वाचतात. पटकथेत तसं छापलेलंच होतं. ज्याच्यावरून हे सगळं बेतलं होतं तो खरा ड्रायव्हर सेटवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तेच पान तिसऱ्यांदा वाचत होता आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. म्हणे ऐंशी. त्या दिवशी धुरात त्याला स्वतःच्या गुडघ्यावरचा हात दिसत नव्हता. ऐंशीनं गेला असता तर पहिल्याच वळणावर सगळे दरीत असते. बस निघाली होती माणसाच्या चालीनं, कारण तिच्यापुढे एक माणूस चालत होतं.

ते माणूस म्हणजे शाळेच्या बसवरची ताई. मुलांना चढवायचं, उतरवायचं आणि आवारात बस अडचणीतून काढताना पत्र्यावर हात आपटून ड्रायव्हरला वाट सांगायची, हे तिचं काम. डाव्या बाजूला थाप पडली की डावीकडे, उजव्या बाजूला पडली की उजवीकडे, मधोमध पडत राहिली की सरळ, आणि थाप थांबली की ब्रेक. मुलं तिला ढोलताई म्हणायची. आगीच्या दिवशी ओला टॉवेल तोंडाला बांधून ती खाली उतरली आणि पायानं रस्त्याची कड चाचपत, हात मागे करून बसच्या तापलेल्या पत्र्यावर थापा देत दोन किलोमीटर चालली.

पेपरात मात्र फोटो आला तो स्टिअरिंगवर हात ठेवलेल्या ड्रायव्हरचा. पदकही त्यालाच. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा गृहस्थ चढला. पहिल्या मुलाखतीत ताईचा उल्लेख राहून गेला, दुसऱ्या मुलाखतीत आता कुठल्या तोंडानं सांगू म्हणून राहिला, आणि पुढची चार वर्षं तो मूग गिळून बसला. तळहात बरे झाल्यावर ताईला बस धुण्याचं काम मिळालं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. त्याला ते रोज टोचायचं.

आज त्याच्यापुढे संमतीचा कागद होता. त्याची सही झाली की 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी सिनेमाला लागणार होती.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला. "आधी ताईला सिनेमात घ्या."

दिग्दर्शक गोड बोलण्यात पटाईत होता. "काका, पत्र्यावर थापा मारणारी बाई बघायला कोण येईल? लोकांना वेग लागतो. आणि खरं सांगू का, आवाजावर बस चालवणं मला तर अशक्यच वाटतं."

"मग स्वतः चालवून बघा. आधी नुसत्या डोळ्यांवर, मग आवाजावर."

दिग्दर्शकानं तरुणपणी ट्रक चालवला होता आणि ते तो दिवसातून दोनदा सांगायचा. आता माघार कशी घेणार? बंद पडलेल्या धावपट्टीवर बारा रिकामी पिंपं नागमोडी मांडली गेली. धुराची यंत्रं सुरू झाली. तो चाकामागे बसला, ड्रायव्हर त्याच्या शेजारी. दहा पावलं गेली नाहीत तोच पहिलं पिंप धाडकन आडवं झालं, मग दुसरं. सगळ्या युनिटनं हसू दाबण्यासाठी माना फिरवल्या.

आपल्या बसची नक्कल कशी केलीय ते बघायला म्हणून ताई आली होती. ड्रायव्हरनंच निरोप धाडला होता. तो खाली उतरला आणि पन्नास माणसांच्या देखत तिच्यासमोर उभा राहिला.

"त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती," तो म्हणाला. "मी ब्रेकवर पाय ठेवून रडत होतो. बस हिनं बाहेर काढली. मी फक्त हिचं ऐकलं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

ताईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एवढं बोलायला चार वर्षं लागली तुला?"

"लागली."

"बरं. पिंपं उभी करा," ती म्हणाली आणि बसपुढे गेली.

पुन्हा धूर झाला. दिग्दर्शकाला काच सोडून काही दिसत नव्हतं. मधोमध थाप पडली, तो सरकला. डावीकडे पडली, वळला. थाप थांबली तसा त्यानं घाबरून ब्रेक दाबला. बाराच्या बारा पिंपं मागे राहिली आणि एकही हललं नाही. तो उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नुसत्या धुरानं होतं असं त्यानं सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. त्यानं लेखकाला बोलावलं आणि ऐंशीच्या वेगाची सात पानं केराच्या टोपलीत टाकायला लावली. ड्रायव्हरनं तिथेच, बसच्या पायरीवर कागद ठेवून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्रसंग चित्रित झाला. दोन्ही बाजूंना खोटी झाडं खऱ्या ज्वाळांनी पेटली होती आणि अग्निशमन दलाची माणसं नळ्या धरून उभी होती. ताईचं काम करणाऱ्या नटीची थाप इंजिनाच्या आवाजात बुडत होती. चौथ्या वेळी ताईला राहवलं नाही.

"सरक बाई, मी करते."

ड्रायव्हर कॅमेऱ्याच्या पडद्याशी उभा होता. ती थाप त्यानं झोपेतही ओळखली असती. पण त्या दिवशी तो काचेमागे होता, आणि काचेपुढे नुसता धूर. आता तो पहिल्यांदाच बाहेर होता. पडद्यावर धुरातून आधी एक पाऊल आलं, जमीन चाचपणारं. मग खांदा आला, मग पत्र्यावर आपटणारा हात. एवढीशी बाई, तिच्या डोक्यावरून वर गेलेली बस आणि सगळीकडे आग. ती एकदाही मागे वळून बघत नव्हती. त्या दिवशीही ती अशीच चालली असणार; बस आपल्यामागून येणारच, एवढा तिला त्याच्यावर भरवसा होता. ड्रायव्हर उभ्याउभ्या लहान मुलासारखा रडला आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

बस बाहेर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला, ड्रायव्हर झालेला नट खाली उतरून ताईच्या पाया पडला, अग्निशमनवाले नळ्या टाकून धावत आले. त्या गराड्यातून ती तळहातावर फुंकर घालत ड्रायव्हरपाशी पोचली.

"काय बघतोयस एवढं?"

"तुला," तो म्हणाला. "त्या दिवशी दिसली नव्हतीस."

ताईनं पडद्याकडे पाहिलं. तिनंही स्वतःला कधी असं पाहिलं नव्हतं.

"परत लाव रे ते," ती कॅमेरावाल्याला म्हणाली आणि ड्रायव्हरची खुर्ची ओढून ऐटीत बसली.