मुलांच्या कपाटातला कप्तान

मित्रांनो, मी आहे अंतराळयानाची एक जुनी कादंबरी. मुखपृष्ठावर यानाचं चित्र, म्हणून ग्रंथालयात मला मुलांच्या कपाटात ठेवलं. आत काय आहे ते कोणी पाहिलं नाही.

माझा नायक त्या यानाचा कप्तान. हवा सर्वांना पुरणार नाही हे कळल्यावर तो एका दालनाचं दार बाहेरून बंद करतो आणि ‘आत कोणीच नव्हतं’ असं सगळ्यांना सांगतो. मुलं मला हौसेने नेत आणि त्या दारापाशी पोहोचली की परत आणून देत. माझी पुढची पानं कोणाच्याही बोटांना ठाऊक नव्हती.

एक मुलगी मात्र दाराच्या पुढे जाणार होती. तेवढ्यात तिच्या आत्याने मला काढून घेतलं. आत्या औषधांच्या कारखान्यात तपासणीला होती. एक नमुना बिघडलेला निघाला की अख्खी बॅच नाकारायची, ही तिची रोजची सवय. एका पानावरून तिने मलाही नाकारलं आणि ग्रंथालयात लेखी तक्रार दिली.

“नेमकं काय वाईट आहे?” ग्रंथपालांनी विचारलं.

“थांबा, वाचूनच दाखवते,” म्हणत तिने मला उघडलं. चार ओळी मोठ्याने वाचल्या, पुढच्या मनातल्या मनात. मग ती मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीशी आले तरी उठेना. शेवटी मला घरीच घेऊन गेली.

मित्रांनो, ते दिवस माझ्या सुखाचे. ती कप्तानाशी भांडायची. “खोटारड्या, आता कसा सुटशील?” म्हणायची आणि तो सुटला की खुदकन हसायची.

“दूध उतू गेलं,” भाऊ ओरडायचा. “इतका वाईट माणूस आहे, तर वाचतेस कशाला?”

“वाईट आहे म्हणूनच. गप्प बस जरा.”

मला परत करायला ती गेली तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, “बरं झालं आलात. तुमच्या तक्रारीवरून ते पुस्तक रद्द झालंय. आणलंत ना? कागदाच्या लगद्यासाठी पाठवायचंय.”

“मी तक्रार मागे घेते.”

“आता कसली मागे घेता? वरून मंजूर होऊन आलीय.”

मी तिच्या पिशवीतच होते. तिने पिशवी घट्ट धरली. “पुस्तक हरवलं,” ती म्हणाली.

तेव्हापासून मी तिच्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांमागे आहे. अंगावर ग्रंथालयाचा शिक्का, त्यामुळे मला कोणाच्या हाती देता येत नाही. आत्या अधूनमधून एकटीच वाचते. आता हसत नाही.

परवा भाचीने विचारलं, “आत्या, त्या कप्तानाचं पुढे काय होतं गं?”

आत्या कपाटाला पाठ लावून उभी होती. “शेवटी तो खरं सांगतो.”

“कोणाला?”

“ऐकायला कोणी उरत नाही, तेव्हा.”

भाची निघून गेली.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना वाळवीपासून जपा, पाण्यापासून जपा. पण जपून ठेवलेलं पुस्तक कोणी मागितलं, तर कपाट उघडा. मी आत आहे, आणि मला सगळं ऐकू येतं.