मागल्या वर्षाची फांदी

बुवांचं आख्यान आरतीपर्यंत पोहोचलं, तेव्हा धोंडीरामाने कानातला इअरफोन काढला आणि मोबाइलवर आलेला निरोप ऐकायला लावला. आवाज मुशब्बबचा होता. सौदीतल्या या बागेचे मालक शेख आयेद यांचा हा पुतण्या शेतीचं शिक्षण घेऊन आला होता आणि सध्या प्रशिक्षणाला बुरैद्याला गेला होता.

"धोंडी, नव्या अंजिरांना कात्री लावू नकोस. थंड मुलखातलं वाण आहे. पहिलं फळ मागल्या वर्षाच्या फांदीवर येतं. ते धुक्याआधी पिकतं. नव्या फुटीवरचं हिरवंच राहतं."

निरोप पूर्वरंगातच आला होता. पण कीर्तनातून मध्येच उठायचं नाही, ही आईने लावलेली सवय, आणि मोबाइलवरचं झालं तरी कीर्तनच ते. हात मात्र चालू होते. चाळीसपैकी बावीस झाडं पुरंदरच्या रीतीने खोडापर्यंत छाटून झाली होती.

त्याने खाली पडलेली एक फांदी उचलली. कापातून चीक गळत होता. पानाच्या जुन्या वणाजवळ मिरीएवढी गाठ होती. त्याने नख लावलं. फळच होतं ते. शेजारच्या फांदीवर चार होती.

"पांडुरंगा, काय केलं मी हे!"

पाण्याचा टँकर लावून खुर्शीद वर आला. दापोलीचा हा गडी आभ्याच्या या डोंगरात बारा वर्षं टँकर चालवत होता. त्याने ढिगाकडे पाहिलं.

"काय रे धोंडूभाऊ, तुझ्या बुवांनी न्हाव्याची कथा लावली होती काय?"

धोंडीरामाने निरोप पुन्हा लावला. ऐकता ऐकता खुर्शीदचं हसू मावळलं. खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. धोंडीरामाची मुकादमाची जागा आता सौदी माणसालाच द्यायची, असा कागद सरकारी कचेरीतून आला होता. मुशब्बब मुकादम होणार हे ठरलेलंच होतं. धोंडीरामाला मजूर म्हणून ठेवायचं की परत धाडायचं, एवढंच शेखसाहेब आज झाडं बघून सांगणार होते. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, महिन्याभरात संपत होता आणि सासवडला लेक रुचाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

"कधी येतायत?"

"जेद्द्याचं विमान उतरलंसुद्धा. घाट चढत असतील."

खुर्शीद ढिगाजवळ उकिडवा बसला. "ऐक माझं. गारठ्याने शेंडे जळले, म्हणून छाटले म्हण. परवा दंव गोठलंच होतं. फांद्या आत्ता पेटवू, चुलीला लागतातच."

"आणि मुशब्बबचा निरोप?"

"उशिरा ऐकला म्हण. ते तर खरंच आहे ना!"

धोंडीरामाने काडेपेटी घेतली. काडी ओढली. ओल्या फांद्यांना ती लागली नाही. दुसरी ओढली. खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला.

"यल्ला, घाई कर! रॉकेल आणू का?"

दुसरी काडी बोटापर्यंत जळत आली. धोंडीरामाने ती फुंकली.

"राहू दे खुर्शीदभाई. अजून अठरा झाडं उभी आहेत. ही गारठ्यानं गेली म्हटलं, तर ते तीही छाटायला लावतील. मग काय बोलू?"

खुर्शीद ढिगापासून उठला. गाडी थांबली.

शेख आयेद उतरले ते थेट झाडांकडे. ही रोपं त्यांनी थंड मुलखातून ओल्या टॉवेलात गुंडाळून आणली होती, तीन वर्षं वाढवली होती. बोडक्या खोडांपुढे ते उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

"मी, शेखसाहेब. निरोप आला होता. मी तो वेळेत ऐकला नाही. कीर्तन ऐकत होतो."

"काय ऐकत होतास?"

खुर्शीदने अरबीत सांगितलं, "देवाची गोष्ट. गाऊन सांगतात."

"देवाची गोष्ट ऐकत होता आणि माझं फळ कापत होता!" शेखांचा आवाज चढला. फांदीवरची गाठ त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि फांदी जमिनीवर आपटली. "खलास, धोंडी. सामान भर."

धोंडीराम हलला नाही. "भरतो. पण आज रात्री दंव गोठेल. या अठरांना पोती गुंडाळावी लागतील. यांच्यावरही फळं धरली आहेत. तेवढं करून जातो."

शेखांनी मुशब्बबला फोन लावला, आवाज मोठा करून. घडलेलं सगळं सांगितलं.

"काका, अठरा वाचली?"

"आत्तापर्यंत."

"मग त्याला ठेवा. पोतं फळ न दुखावता बांधायचं तोच जाणतो. मला अजून बांधता येत नाही. पण कात्री माझ्याकडे. मी सांगितल्याशिवाय एक फांदी नाही."

शेखांनी फोन खिशात टाकला आणि हात पुढे केला. धोंडीरामाने कंबरेची कात्री काढून पुसली, चिकाने पातं बरबटलं होतं, आणि त्यांच्या हातात दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याची कंबर रिकामी झाली होती.

"इकाम्यावर मजूर लिहीन," शेख म्हणाले. "मुकादम नाही."

"जी."

"आणि फोन घरी ठेवायचा."

"जी," धोंडीराम म्हणाला. मान वर न करता त्याने खुर्शीदला हाक मारली, "भाई, टँकरमागची पोती काढ. सुतळीही आण. सूर्य डोंगराला टेकला."